नवीन घराचा प्लॅन मोबाईलवर कसा आखायचा? जागेच्या मोजमापापासून खोल्यांच्या मांडणीपर्यंत संपूर्ण माहिती

घरात बांधकामाचा विषय निघाला की मोबाईल नीट वापरता येणाऱ्या मुलाकडे किंवा मुलीकडे एक काम हमखास येतं, "जरा नेटवर चांगला प्लॅन बघ." मग आपण '३० बाय ४० हाऊस प्लॅन' असं सर्च करतो, दहा-बारा सुंदर फोटो फॅमिली ग्रुपवर टाकतो आणि प्रत्येकाला वेगळाच फोटो आवडतो. गंमत म्हणजे त्यातला एकही प्लॅन आपल्या जागेत बसत नाही. तो दुसऱ्याच्या प्लॉटचा, दुसऱ्या दिशेचा आणि दुसऱ्या कुटुंबाचा असतो.

सातारा जिल्ह्यात माझ्या मामांचं घर बांधायचं ठरलं तेव्हा हे काम माझ्याकडे आलं. घरात मामा, मामी, दोन मामेभावंडं आणि वॉकर घेऊन चालणारी आजी. जुन्या घरात संडास अंगणापलीकडे आहे आणि पावसाळ्यात आजीला तिथपर्यंत नेणं हीच घरातली सगळ्यात मोठी अडचण. म्हणून या लेखात नुसती अ‍ॅप्सची यादी देत नाही. एका खऱ्या मापाचं उदाहरण घेऊन प्लॅन कसा तयार होतो, ते टप्प्याटप्प्याने सांगतो.

फ्लोअर प्लॅन म्हणजे नेमकं काय?

जमिनीपासून साधारण चार फुटांवर घर आडवं कापलं आणि वरून पाहिलं तर जे दिसेल, ते म्हणजे फ्लोअर प्लॅन. त्यात भिंतींची जाडी, दारं, खिडक्या, जिना आणि ओटा हे सगळं मापात दिसतं. रंगीत सोफा आणि कुंड्या असलेलं थ्रीडी चित्र म्हणजे प्लॅन नव्हे. ते चित्र घरच्यांना समजावण्यासाठी चांगलं, पण गवंड्याला त्याचा काही उपयोग नाही.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो. मोबाईलवर आपण खोल्यांची मांडणी ठरवू शकतो. कॉलम कुठे, बीम किती जाड, पाया किती खोल, हे स्ट्रक्चरल इंजिनिअरचं काम आहे. परवानगीसाठी नकाशाही परवानाधारक आर्किटेक्ट किंवा इंजिनिअरच्या सहीनेच जातो. आपण नीट विचार केलेला कच्चा प्लॅन घेऊन गेलो, तर त्यांचा आणि आपला वेळ वाचतो एवढंच.

टप्पा १: कागदपत्रं आणि जागेचं क्षेत्र

महाभूलेख संकेतस्थळावर सातबारा आणि मालमत्ता पत्रक पाहता येतं. महाभूनकाशावर गट नंबर टाकला की गटाचा आकार दिसतो. क्षेत्र बघताना ही रूपांतरं लक्षात ठेवा:

- १ गुंठा = १०८९ चौरस फूट
- १ एकर = ४० गुंठे
- १ चौरस मीटर = १०.७६४ चौरस फूट
- १ मीटर = ३.२८ फूट

स्क्रीनवरचा नकाशा म्हणजे हद्दीचा पुरावा नाही. शेजाऱ्याशी हद्दीवरून थोडी जरी शंका असेल, तर तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात सरकारी मोजणीसाठी अर्ज करा. भिंत उभी राहिल्यावर निघालेला वाद कुठलंच अ‍ॅप मिटवू शकत नाही.

टप्पा २: प्रत्यक्ष जागा मोजा (आणि इथे जीपीएसवर विसंबू नका)

प्लॉटभोवती फोन घेऊन चाललं की क्षेत्रफळ सांगणारी बरीच अ‍ॅप्स आहेत. शेतासाठी ती ठीक आहेत, घराच्या प्लॉटसाठी नाहीत. मोकळ्या आकाशाखालीही साध्या फोनचं जीपीएस ४-५ मीटरने इकडेतिकडे असू शकतं. तुमच्या प्लॉटची रुंदी ३० फूट, म्हणजे ९ मीटरच असेल, तर चूक अर्ध्या प्लॉटएवढी झाली!

कॅमेऱ्याने माप घेणारी एआर अ‍ॅप्स खोलीच्या आत बरी चालतात. आयफोनच्या १२ प्रो आणि त्यानंतरच्या प्रो मॉडेल्समध्ये लायडार सेन्सर आहे, त्यामुळे तिथे माप जास्त नेमकं येतं. पण त्याचीही पोहोच साधारण ५ मीटरपर्यंतच आहे. प्लॉटसाठी लांब टेप आणि दोन माणसं, याला पर्याय नाही.

चारही बाजू मोजाच, शिवाय दोन्ही कर्णसुद्धा मोजा. ३० × ५० फुटांचा प्लॉट काटकोनात असेल तर दोन्ही कर्ण जवळपास ५८ फूट पावणेचार इंच यायला हवेत. दोन कर्णांत फरक आला, तर प्लॉट तिरका आहे आणि सरळ आयताचा प्लॅन त्यात तसाच बसणार नाही.

जाता जाता दिशाही नोंदवा. फोनचा कंपास वापरण्याआधी चुंबक असलेलं कव्हर काढा. लोखंडी गेट, गाडी किंवा सळ्यांच्या ढिगापासून लांब उभे राहा आणि फोन हवेत इंग्रजी आठच्या आकारात फिरवून घ्या.

टप्पा ३: १५०० चौरस फुटांतले बांधायला किती मिळतात?

बहुतेकांचा हिशोब इथेच चुकतो. मामांचा प्लॉट ३० × ५०, म्हणजे १५०० चौरस फूट. रस्ता पूर्वेला. चारही बाजूंना मोकळी जागा, म्हणजे मार्जिन सोडावं लागतं. किती सोडायचं हे रस्त्याची रुंदी, प्लॉटचा आकार आणि तुमची ग्रामपंचायत, नगरपरिषद की महापालिका यावर ठरतं. त्यामुळे तो आकडा स्थानिक इंजिनिअरकडूनच घ्या. उदाहरणासाठी समोर १० फूट आणि बाकी तिन्ही बाजूंना ५-५ फूट धरू.

- रुंदी: ३० − ५ − ५ = २० फूट
- लांबी: ५० − १० − ५ = ३५ फूट
- बांधकाम: २० × ३५ = ७०० चौरस फूट

आता बाहेरच्या भिंती ९ इंची धरल्या, तर आतून उरतं १८ फूट ६ इंच × ३३ फूट ६ इंच, म्हणजे साधारण ६२० चौरस फूट. ८० चौरस फूट फक्त बाहेरच्या भिंतींनी खाल्ले! घरच्यांना हा आकडा पहिल्याच दिवशी सांगा. मग "चार बेडरूम बसतील ना?" हा प्रश्न आपोआप थांबतो.

टप्पा ४: खोल्यांआधी माणसांची यादी करा

अ‍ॅप उघडण्याआधी फोनच्या नोट्समध्ये हे लिहून घ्या:

१. घरात कोण कोण राहणार? दहा वर्षांनी कोण असेल?
२. तळमजल्यावर कोणाला झोपायचं आहे?
३. सकाळी सहा ते आठ बाथरूमला किती जण लागतात?
४. वरचा मजला आत्ता, नंतर, की कधीच नाही?
५. धुणं-भांडी कुठे, कपडे वाळत कुठे, गाडी कुठे?
६. वास्तू मानायची आहे का? असेल तर कुठल्या गोष्टींवर तडजोड नाही?

सहावा प्रश्न टाळू नका. प्लॅन पूर्ण झाल्यावर कोणी "किचन आग्नेयेला हवं" म्हटलं, तर सगळं पुन्हा काढावं लागतं. आधीच कळलं, तर ती एक अट धरून मांडणी करता येते.

मामांकडे यादीत सगळ्यात वर आलं ते असं: आजीची खोली तळमजल्यावर, तिच्या दारापासून संडासपर्यंत मध्ये एकही पायरी किंवा उंबरा नको, आणि वरचा मजला पैसे जमतील तेव्हा.

टप्पा ५: मांडणी – इंचापर्यंत बेरीज जुळली पाहिजे

रस्त्याकडून, म्हणजे पूर्वेकडून पश्चिमेकडे घराचे तीन पट्टे पाडले. मधल्या भिंती साडेचार इंची.

- पुढचा पट्टा, खोली १२ फूट: उत्तरेला हॉल ११ फूट साडेदहा इंच × १२ फूट, दक्षिणेला जिना ६ फूट ३ इंच × १२ फूट.
- मधला पट्टा, खोली ८ फूट ९ इंच: उत्तरेला ४ फूट ६ इंच रुंदीत संडास आणि बाथरूम शेजारीशेजारी, बाकी १३ फूट साडेसात इंच रुंदीत किचन-डायनिंग.
- मागचा पट्टा, खोली १२ फूट: दोन बेडरूम, प्रत्येकी ९ फूट पाऊण इंच × १२ फूट.

लांबीची बेरीज करू. १२ फूट + साडेचार इंच + ८ फूट ९ इंच + साडेचार इंच + १२ फूट = ३३ फूट ६ इंच. जुळली. रुंदीतही प्रत्येक पट्ट्याची बेरीज १८ फूट ६ इंच येते, स्वतः करून बघा. सगळ्या खोल्यांचं आतलं क्षेत्र साधारण ५९० चौरस फूट भरतं. गिलाव्यामुळे प्रत्येक खोली अजून इंचभर कमी होईल, तेही धरा.

या मांडणीत वेगळा पॅसेज नाही. हॉलमधून डायनिंगमध्ये यायचं, तिथूनच दोन्ही बेडरूम, संडास आणि बाथरूमची दारं. पॅसेज वाचवणं म्हणजे सरळ पैसे वाचवणं. समजा, ठेकेदाराचा दर चौरस फुटाला २००० रुपये आहे. ३ × १२ फुटांचा पॅसेज म्हणजे ३६ चौरस फूट, म्हणजे ७२ हजार रुपये, फक्त चालायला!

राष्ट्रीय इमारत संहितेत राहण्याच्या मुख्य खोलीसाठी किमान ९.५ चौरस मीटर, म्हणजे सुमारे १०२ चौरस फूट सांगितले आहेत. आपली बेडरूम साधारण १०९ चौरस फूट भरते, म्हणजे चालेल.

जिन्याचा हिशोब वेगळा करा

नेटवरच्या प्लॅनमध्ये सगळ्यात जास्त फसवणूक जिन्यात असते. चित्रात तो चार फुटांतही बसतो! मजल्याची उंची १० फूट म्हणजे १२० इंच. १८ चढ धरले तर प्रत्येक चढ साधारण पावणेसात इंच. मध्ये वळणाऱ्या जिन्यात प्रत्येक बाजूला ९ चढ आणि ८ पायऱ्या येतात. पायरी १० इंची धरली तर ८० इंच, म्हणजे ६ फूट ८ इंच, आणि वळणाची ३ फुटांची लँडिंग. एकूण ९ फूट ८ इंच लांबी. रुंदी ३ + ३ फूट आणि मध्ये ३ इंच फट.

म्हणूनच ६ फूट ३ इंच × १२ फूट जागा दिली. उरलेल्या सव्वादोन फुटांत पायरीशी उभं राहता येतं. जिना पुढच्या बाजूला ठेवल्याने त्याला व्हरांड्यातून वेगळं दारही देता येतं. पुढे वरचा मजला भाड्याने द्यायचा झाला, तर भाडेकरू हॉलमधून जाणार नाही.

टप्पा ६: रिकाम्या खोलीऐवजी सामानासकट खोली तपासा

आत्ता राहता त्या घरातलं सामान टेपने मोजा आणि अ‍ॅपमध्ये त्याच मापाचे चौकोन टाका. ५ × साडेसहा फुटांचा पलंग ९ फुटी भिंतीच्या मध्यावर लावला, तर दोन्ही बाजूंना दोन-दोन फूट उरतात. १२ फुटांच्या लांबीत पलंगाचे साडेसहा आणि समोरच्या कपाटाचे दोन फूट गेले की साडेतीन फूट उरले. कपाट उघडून उभं राहायला पुरेसे.

आजीच्या खोलीत मात्र ३ फुटी सिंगल कॉट भिंतीला लावायचं ठरलं. त्यामुळे शेजारी ६ फूट मोकळे राहतात. आज वॉकर आहे, उद्या व्हीलचेअर आली तर तिला गोल फिरायला साधारण ५ फुटांचं वर्तुळ लागतं. हे आत्ताच बघून ठेवायचं, कारण भिंत उभी राहिल्यावर दोन फूट कुठून आणणार?

दारांचंही तसंच. आजीच्या खोलीचं दार ३ फुटी. संडास-बाथरूमचं दार बाहेर उघडणारं. आत कोणी पडलं तर आत उघडणारं दार त्यांच्या अंगावर अडतं आणि मदतीला गेलेल्याला ते उघडताच येत नाही. संडास आणि बाथरूममधली भिंत साडेचार इंची ठेवून तिच्यात कॉलम नको, असं इंजिनिअरला आधीच सांगितलं. आत्ता पाच जणांची सकाळची गर्दी आहे म्हणून दोन वेगळे भाग. पुढे गरज पडली तर भिंत काढून एकच मोठं बाथरूम करता येईल.

टप्पा ७: ऊन आणि वारा

सूर्य कुठल्या महिन्यात कुठून येतो हे सनकॅल्कसारख्या संकेतस्थळावर किंवा सन सीकर अ‍ॅपमध्ये दिसतं. साताऱ्यात डिसेंबरच्या शेवटी दुपारी सूर्य दक्षिणेकडे साधारण ४९ अंशांवर असतो. जूनच्या शेवटी तर तो डोक्यावरून किंचित उत्तरेकडे सरकलेला असतो. पण घर खरं तापतं ते दुपारनंतरच्या पश्चिमेच्या उन्हाने.

आपल्या प्लॅनमध्ये दोन्ही बेडरूम पश्चिमेला आल्या. म्हणून पश्चिमेची खिडकी लहान आणि वर छज्जा, कपाट पश्चिमेच्या भिंतीला, आणि मोठी खिडकी उत्तरेला किंवा दक्षिणेला. दोन्ही खोल्या कोपऱ्यातल्या असल्याने दोन बाजूंनी खिडक्या मिळतात आणि हवा खेळती राहते. खिडक्यांचं एकूण क्षेत्र कोरड्या भागात खोलीच्या किमान एक दशांश आणि कोकणासारख्या दमट भागात एक षष्ठांश असावं, असा संहितेतला ढोबळ नियम आहे.

कोणतं अ‍ॅप वापरायचं?

- आलेख कागद: हसू नका, सुरुवात इथूनच करा. एक चौकोन म्हणजे एक फूट. आजी-मामीही पेन्सिल घेऊन बसू शकतात.
- मॅजिकप्लॅन: जुनं घर किंवा असलेली खोली कॅमेऱ्याने मापून तिचा प्लॅन बनवायला.
- प्लॅनर ५डी आणि फ्लोअरप्लॅनर: ओढून-सोडून खोल्या मांडायला आणि थ्रीडीत घरच्यांना दाखवायला. मोफत वापरात काही गोष्टी बंद असतात.
- स्वीट होम थ्रीडी: मोफत आणि ओपन सोर्स. कॉम्प्युटर असेल तर माझी पहिली पसंती.

अ‍ॅप उघडल्यावर सगळ्यात आधी सेटिंगमध्ये माप फूट-इंच करा. ९.६ फूट म्हणजे ९ फूट ६ इंच नव्हे! ९ फूट ६ इंच म्हणजे ९.५ फूट. ९.६ लिहिलं तर एक इंचाहून जास्त फरक पडतो आणि पाच खोल्यांत तो वाढत जातो.

एआयला प्लॅनचं चित्र काढायला सांगणारे खूप आहेत. कल्पनेसाठी वापरा, पण मापं तपासल्याशिवाय पुढे पाठवू नका. चित्र देखणं असतं, पण एखाद्या खोलीला दारच नसतं किंवा खोल्यांची बेरीज बाहेरच्या मापाशी जुळत नाही.

वायर आणि वायफाय प्लॅनवरच मांडा

तुमच्या-माझ्यासारख्यांनी हे काम स्वतःकडे घ्यावं. राउटर घराच्या मधोमध, उंचावर. आरसीसी स्लॅब आणि भिंतींतून ५ गिगाहर्ट्झचा सिग्नल लवकर कमजोर होतो, म्हणून वरच्या मजल्यासाठी लॅन केबलची रिकामी पाइप आत्ताच टाकून ठेवा. पलंगाजवळ चार्जिंग पॉइंट, इन्व्हर्टरची जागा, गेटवर कॅमेऱ्याची पाइप, पार्किंगमध्ये इलेक्ट्रिक गाडीचा पॉइंट. आणि आजीच्या पलंगापासून संडासपर्यंत रात्रीचा दिवा, बटण पलंगावरून हात पोहोचेल असं.

टप्पा ८: जमिनीवर फक्की मारून चाला

प्लॅन ठरला की प्लॉटवर चुन्याची फक्की मारून खऱ्या मापात खोल्या आखा. दारांच्या जागी फट ठेवा, पलंग आणि ओट्याच्या जागी दगड किंवा दोरी. मग घरातल्या प्रत्येकाला त्यातून चालायला सांगा आणि व्हिडिओ काढा.

आजी वॉकर घेऊन तिच्या 'खोलीतून' संडासपर्यंत चालली, तेव्हा कळलं की फ्रिजची ठरवलेली जागा आड येते. दार उघडलं की वाट बंद. फ्रिज जिन्याच्या भिंतीला सरकवला. स्क्रीनवर आम्ही सगळ्यांनी तो प्लॅन पन्नास वेळा पाहिला होता, कोणाला दिसलं नव्हतं.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

*मोबाईलवर काढलेला प्लॅन परवानगीला चालतो का?*
नाही. नियमांप्रमाणे नकाशा परवानाधारक व्यक्तीच काढून सही करते.

*वरचा मजला नंतर बांधायचा असेल तर आत्ता काय करायचं?*
पाया आणि कॉलम दोन मजल्यांच्या हिशोबाने डिझाइन करायला इंजिनिअरला आत्ताच सांगा. वरचं बाथरूम खालच्या बाथरूमच्या वरच येईल अशी मांडणी ठेवा, पाइप सरळ राहतात.

*प्लॅन व्हॉट्सअ‍ॅपवर कसा पाठवायचा?*
फोटो म्हणून नको, आकडे पुसट होतात. पीडीएफ करून डॉक्युमेंट म्हणून पाठवा आणि नावात तारीख टाका. ठेकेदाराकडे जुनाच प्लॅन राहिला तर भिंत जुन्याच जागी उभी राहते.

*बदल कधीपर्यंत करता येतात?*
कागदावर कधीही, फुकट. फक्कीवर अर्ध्या दिवसात. पाया भरल्यावर प्रत्येक बदलाला पैसे मोजावे लागतात, आणि काही बदल पैसे देऊनही होत नाहीत.

तेव्हा आर्किटेक्टकडे जाताना पाच गोष्टी सोबत न्या: चारही बाजू आणि कर्णांची मापं, सातबारा किंवा मालमत्ता पत्रक, दिशा दाखवणारा प्लॉटचा फोटो, माणसांची यादी आणि तुमचा कच्चा प्लॅन. ते त्यात बदल सुचवतील, सुचवायलाच हवेत. पण घरातल्या सगळ्यात कमी चालू शकणाऱ्या माणसाची वाट कुठून जाते, ते तुम्हीच त्यांना दाखवा. ती वाट आधी ठरवा, हॉलमध्ये टीव्ही कुठे लावायचा हे नंतरही ठरवता येतं.